ज्याचे नुकसान केले त्याच्या दारी कसे जावे

हातून घडलेल्या अन्यायाची बोच ज्यांना वर्षानुवर्षे स्वस्थ बसू देत नाही, परंतु ती घेऊन नेमके कोठे जावे हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिखाण आहे. वाटणीत धाकट्या भावाच्या वाट्याची विहीर आपल्याकडे ओढून घेतलेली असेल, कागद वाचून न दाखवता बहिणीची सही घेतलेली असेल, शेजाऱ्याचा बांध दर नांगरटीला थोडाथोडा कोरलेला असेल, भिशीचे पैसे घरखर्चाला वापरून हिशेबात लपवलेले असतील, किंवा एखाद्या मुलीविषयी नको ते बोलून तिचे ठरलेले लग्न मोडलेले असेल. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात अशा गोष्टी घडतात आणि बहुतेक वेळा साऱ्या गावाला ठाऊक असूनही त्यांवर कोणी बोलत नाही.

मन खाऊ लागले की माणसाची पावले सहसा आधी देवाकडे वळतात. कोणी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जातो, कोणी गळ्यात माळ घालून पंढरीची वारी धरतो, कोणी गावच्या पारायणात एका दिवसाच्या महाप्रसादाचा खर्च उचलतो. श्रद्धेला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ज्याचा बांध कोरला तो माणूस त्याच महाप्रसादाच्या पंगतीत बसलेला असतो, आमटीची बादली घेऊन वाढत येणाऱ्या यजमानाकडे एकदा बघतो आणि मान खाली घालून भात कालवतो, हे दृश्य आपल्या गावांना नवे नाही. वाढणाऱ्याला वाटते की आपण फेडले. जेवणाऱ्याला ठाऊक असते की त्याचे तीन फूट अजून पलीकडेच आहेत.

धर्मशास्त्रानेही हा क्रम मान्य केलेला नाही. मनुस्मृतीतील जातीनुसार कमीजास्त होणारी प्रायश्चित्ते आज कोणी मानू नयेत, आणि ती न मानणेच योग्य आहे. परंतु तिच्या अकराव्या अध्यायात किरकोळ वस्तूंच्या चोरीसाठी सांतपन कृच्छ्र हे प्रायश्चित्ताचे कठोर व्रत सांगताना ‘तन्निर्यात्य’ अशी अट घातली आहे, म्हणजे चोरलेली वस्तू आधी परत करावी आणि मग व्रत करावे. इस्लाममध्येही माणसाच्या हक्काबाबत झालेला गुन्हा त्या माणसाचे देणे दिल्याशिवाय किंवा त्याने माफ केल्याशिवाय केवळ तौबा करून फिटत नाही. म्हणून वारी, रोजा, नवस यांतले जे करायचे ते जरूर करावे, पण त्या माणसाच्या घराला वळसा घालून करू नये.

खंत कशाची आहे ते आधी पाहावे

घराबाहेर पडण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. ही गोष्ट आयुष्यात कधीही कोणाला कळणार नाही अशी हमी मिळाली, तर आपल्याला सुटल्यासारखे वाटेल काय? तसे वाटत असेल तर आपल्याला छळते आहे ते उघडे पडण्याचे भय आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, बहुतेकांची सुरुवात तेथूनच होते. परंतु त्या भयाच्या भरात माफी मागायला जाऊ नये, कारण भ्यालेला माणूस कबुली देता देता स्वतःची वकिली करू लागतो. जून टँगनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने या विषयावर दीर्घ संशोधन केले आहे. ‘मीच वाईट’ या भावनेने ग्रासलेली माणसे लपण्याकडे, चिडण्याकडे आणि दुसऱ्यावर दोष ढकलण्याकडे झुकतात, तर ‘मी केले ते वाईट’ असे म्हणू शकणारी माणसे झालेले नुकसान भरून काढण्याकडे वळतात, असे त्यातून दिसते. तेव्हा दुसऱ्या वाक्यापर्यंत आपण पोहोचलो आहोत काय, हे पाहूनच पुढचे पाऊल टाकावे.

तुकोबांचा एक अभंग याच ठिकाणी उपयोगी पडतो. ‘अनुतापें दोष । जाय न लगतां निमिष’ हे त्याचे पहिले चरण कीर्तनात पुष्कळदा ऐकू येते आणि क्षणात दोष जातो एवढेच ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते. लगेच पुढचे चरण मात्र अट घालते: ‘परि तो राहे विसावला । आदीं अवसानीं भला’. तो अनुताप आरंभापासून शेवटपर्यंत मनात टिकला पाहिजे. एकादशीला डोळे भरून आले आणि द्वादशीला नांगर पुन्हा बांधाला लावला, तर तुकोबांच्या हिशेबात तो अनुताप ठरत नाही.

खंत कोणाला सांगायची

जगाच्या इतिहासातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध पश्चात्ताप सम्राट अशोकाचा आहे. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर त्याने कलिंग जिंकले. दीड लाख माणसे तेथून हलवली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक नंतर मेली, असे तो आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतःच सांगतो आणि त्याचे आपल्याला दुःख होते असे म्हणतो. कोणत्याही विजेत्या राजाने स्वतःच्या विजयाविषयी असे दगडावर कोरून ठेवणे ही असामान्य गोष्ट आहे. तथापि हा लेख साम्राज्यात इतरत्र सापडतो आणि खुद्द कलिंगात, म्हणजे ओडिशातील धौली व जौगड येथे, तो गाळलेला आहे. तेथे त्याच्या जागी अधिकाऱ्यांना प्रजेशी न्यायाने वागण्याच्या सूचना देणारे वेगळे लेख कोरले आहेत. राजनीती म्हणून ते शहाणपणाचे असेल. हलवलेली माणसे परत पाठवल्याचा किंवा कलिंग सोडून दिल्याचा उल्लेखही त्या तेराव्या लेखात नाही. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांनाच सोडून इतर सर्वांना आपली खंत सांगण्याची ही रीत सम्राटांपुरती मर्यादित नाही. आपण मित्राला सांगतो, महाराजांना सांगतो, दारूच्या बैठकीत सांगतो आणि हलके होऊन घरी येतो. कधीकधी ते सांगणे इतके रसभरीत होत जाते की त्यात मूळ माणूस उरतच नाही.

गांधीजींच्या आत्मकथेत याच्या उलट उदाहरण आहे. 1924 साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून आपण त्यांचे स्मरण ठेवतो. पण येथे उपयोगाचा आहे तो पंधरा वर्षांचा मोहनदास. थोरल्या भावाचे सुमारे 25 रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्याने त्याच भावाच्या हातातील सोन्याच्या कड्याचा तुकडा काढला, आणि नंतर ते सहन न होऊन वडिलांना चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत कबुली होती, शिक्षेची मागणी होती, वडिलांनी स्वतःला क्लेश करून घेऊ नयेत अशी विनंती होती आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा होती. आजारी वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. त्या प्रसंगावर लिहिताना गांधीजी म्हणतात की, जो ती ऐकण्याचा अधिकारी आहे त्याच्यापुढे स्वेच्छेने दिलेली निखळ कबुली आणि पुन्हा न करण्याची प्रतिज्ञा हेच शुद्ध प्रायश्चित्त. ‘अधिकारी’ कोण, हे ठरवण्यात आपली गफलत होते. वाटणीच्या प्रकरणात तो अधिकार भावाचा असतो, बुवांचा नसतो.

आपणही आधी कागदावर लिहावे. ती चिठ्ठी द्यायची की नाही हे पुढे ठरवता येईल. काय केले, कोणत्या वर्षी केले, त्यामुळे समोरच्याचे काय गेले आणि आपल्याला काय मिळाले, एवढ्या चार गोष्टी साध्या वाक्यांत लिहाव्यात. लिहिताना ‘गैरसमज झाला’, ‘तेव्हा परिस्थितीच तशी होती’, ‘घरच्यांच्या नादाने झाले’ अशी वाक्ये आपोआप उतरतात, ती खोडावीत. सीमाभागातील आपली खास पळवाट म्हणजे ‘तो कानडी, त्याने आमच्यावर कमी अन्याय केले काय’ किंवा पलीकडच्या बाजूने नेमके तसेच मराठीविषयी बोलणे. भाषेचा प्रश्न आपल्या जागी खरा आहे. शेजाऱ्याच्या कोरलेल्या बांधाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

परतफेडीचा हिशेब

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण रिकाम्या हाताने मागितलेली माफी ऐकणाऱ्यावर ओझे टाकते. बांधाचेच घ्या. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद, म्हणजे 1089 चौरस फूट जमिनीचा एक गुंठा होतो. 330 फूट लांबीच्या बांधाला दर वर्षी नांगराचा एकेक तास जास्त घेत तीन फूट आत सरकले, तर 990 चौरस फूट, म्हणजे जवळजवळ गुंठाभर जमीन गिळली गेली. रताळ्याच्या किंवा उसाच्या रानात गुंठाभर जमिनीचे दहा-पंधरा वर्षांचे उत्पन्न किती होते, हे शेतकऱ्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. परत करताना नुसता दगड मागे सरकवून भागत नाही. तालुक्याच्या सर्वे खात्याकडे हद्दबस्त मोजणीचा अर्ज आपण स्वतः करावा, त्याची फी आपण भरावी, मोजणीदार येईल त्या दिवशी शेजाऱ्याला बोलावून खुणा त्याच्यादेखत रोवून घ्याव्यात आणि मागच्या उत्पन्नाचा अंदाज काढून ती रक्कमही पुढे ठेवावी. तो घेईल किंवा घेणार नाही, तो त्याचा प्रश्न. मोजणीत चूक आपली नव्हती असे निघाले तर उत्तमच. निदान संशय मिटतो.

बहिणीच्या सहीची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण ती करताना कोणालाही आपण चोरी करतो आहोत असे वाटत नाही. वडिलांच्या दिवसकार्याला माहेरी आलेली बहीण परत निघण्याच्या गडबडीत असते, सोसायटीच्या कर्जाचा कागद आहे असे सांगून तिची सही घेतली जाते, आणि पुढे कधीतरी उताऱ्यावरून आपले नाव गेल्याचे तिला दुसऱ्याच कोणाकडून कळते. ती भांडत नाही. माहेर तुटू नये म्हणून ती दिवाळीला येत राहते, आणि तिचे हे येणे म्हणजे तिची संमतीच, असे भाऊ स्वतःला पटवून देतो. कायदा मात्र तिच्या बाजूचा आहे. कर्नाटकाने आपल्या स्वतःच्या दुरुस्तीने 1994 पासून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला, आणि त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्यातून वगळलेल्या आहेत. हक्कसोडपत्र नोंदवले गेले असेल तर बहिणीचा वाटा तिच्या नावे करण्याचा सरळ मार्ग म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेले बक्षीसपत्र; ‘तुझा हिस्सा तुझाच आहे गं’ हे तोंडी आश्वासन उताऱ्यावर चढत नाही. कागदाचा मसुदा तयार करून, स्टॅम्पचा खर्च बाजूला ठेवून मगच तिच्याकडे जावे. जमिनीऐवजी पैसे घ्यायचे की जमीनच, हे तिने ठरवावे.

उसन्या पैशाच्या बाबतीत ‘आता मुदत गेली’ हे वकिली वाक्य स्वतःला ऐकवू नये. साध्या उसनवारीच्या वसुलीसाठी दाव्याची मुदत तीन वर्षांची असते हे खरे. पण मुदत संपलेले कर्जही फेडीन असे लेखी वचन सही करून दिले तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे ते बंधनकारक ठरते. ज्याला खरोखर फेडायचे आहे पण एकरकमी जमत नाही, त्याने असा कागद करून हप्ते बांधून द्यावेत.

ज्या चुका फौजदारी गुन्ह्यात मोडतात त्यांबाबत घाई करू नये. न्यायालयात खोटी साक्ष देणे हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि आपल्या कबुलीने तुरुंगात पडलेला निरपराध माणूस सुटणार असेल तर ती द्यावीच लागेल. परंतु ती कोणासमोर, कोणत्या स्वरूपात द्यायची हे वकिलाला विचारून ठरवावे. दिवाणी तंटा आणि तडजोडीस पात्र गुन्हे लोकअदालतीत मिटवता येतात, तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही. जिल्हा आणि तालुका विधी सेवा यंत्रणेत स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो, ही गोष्ट बहिणीला आपणच सांगितली तर आपल्या हेतूविषयी तिला फारसे पटवत बसावे लागणार नाही.

प्रत्यक्ष बोलताना

सणाच्या दिवशी, लग्नाच्या मांडवात किंवा मयताच्या घरी जाऊन हा विषय काढू नये, कारण तेथे समोरच्याला नाही म्हणता येत नाही. देवस्थानच्या पंचांना सोबत नेऊ नये; पंच आले की माफीचा निवाडा होतो. आधी निरोप धाडावा, तो बोलावील तेव्हा जावे, आणि चहा येण्याची वाट न पाहता बोलून टाकावे.

बोलणे लहान असावे. ‘आक्का, बाबा गेले त्या वेळी तुझी सही घेतली. तो कर्जाचा कागद नव्हता, हक्क सोडल्याचा होता, आणि हे मला तेव्हाच माहीत होते. तुझ्या वाट्याची जमीन मी इतकी वर्षे खाल्ली. बक्षीसपत्राचा कागद करून आणलाय, तुझ्या माणसाला दाखव, वाच आणि मग काय करायचे ते सांग.’ एवढे पुरेसे आहे. ‘मला झोप लागत नाही’, ‘मी किती सोसले’ हे तिने विचारले तरच सांगावे. ‘कळत-नकळत काही चुकले असेल तर’ हे वाक्य टाळावे. चिकोडी, अथणी, रायबाग भागात जैन घरे पुष्कळ आहेत. दशलक्षण पर्वानंतरच्या क्षमावणीला एकमेकांच्या घरी जाऊन क्षमा मागण्याची त्यांची रीत मोठी सुंदर आहे, पण हल्ली त्या दिवशी एकच तयार संदेश दोनशे जणांना जातो, आणि ज्याला खरोखर माफीची गरज असते तो त्या दोनशेंत कोठेतरी असतो किंवा नसतोही. समोरचा माणूस कानडी बोलणारा असेल तर मोडक्यातोडक्या कानडीतच बोलावे. आपल्याला बाजारापुरती कानडी येते हे त्याला ठाऊक असते, आणि नेमक्या याच वेळी मराठीत शिरून बसलो तर तो त्याचा अर्थ बरोबर लावतो.

त्यानंतर तो चिडेल, आई-बहिणीवरून बोलेल, जुनी दहा प्रकरणे उकरून काढील. त्यांतली निम्मी खोटी असली तरी त्या दिवशी दुरुस्त करू नयेत. ‘माफ केले म्हण’ असा आग्रह धरू नये. डोस्टोयेव्हस्की या रशियन लेखकाच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ या 1866 सालच्या प्रसिद्ध कादंबरीतील खुनी नायक रास्कोल्निकोव्ह भर बाजारात गुडघे टेकून जमिनीचे चुंबन घेतो तेव्हा लोक त्याला दारुडा समजून हसतात आणि त्याच्या ओठांवर आलेली कबुली तेथेच अडते; शिक्षा भोगायला सायबेरियात गेल्यावरही बराच काळ त्याला खरा पश्चात्ताप होत नाही. कबुलीनंतर लगेच मन निवेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने हा भाग वाचावा.

पुढची वर्षे कशी काढायची याचा धडा महाभारतात आहे. युद्धानंतर युधिष्ठिराला इतका विषाद झाला की त्याने राज्य सोडून वनात जायचे ठरवले, आणि भावांनी, द्रौपदीने, व्यासांनी त्याला परोपरीने समजावले. ते बरोबरच होते, कारण निघून जाणे त्याच्यासाठी सोपे होते. तो राहिला, आणि ज्यांचे शंभर पुत्र मारले त्या धृतराष्ट्र-गांधारीला त्याने पंधरा वर्षे मानाने सांभाळले, त्यांना काही कमी पडू नये असे सर्वांना बजावले. परंतु भीम मनातला राग सोडायला तयार नव्हता. म्हातारा ऐकेल अशा बेताने तो आपल्या बाहुबलाच्या बढाया मारी, आणि अखेरीस ते ऐकून विटलेला धृतराष्ट्र वनात निघून गेला. घरातील एकाने माफी मागून उपयोग नसतो. बहिणीला हिस्सा दिल्यावर ती माहेरी आली असता वहिनी भांडी आपटत असतील, तर दिलेला हिस्साही तिला खुपतो. म्हणून घरी आधी बोलून घ्यावे, आणि जे पटत नाही त्यांच्याकडून निदान गप्प राहण्याचे वचन घ्यावे.

ज्याचे नुकसान केले तो वारला असेल तर त्याच्या वारसांकडे जावे, देणे त्यांना द्यावे आणि कशाचे आहे ते सांगून द्यावे. वारसांना मूळ गोष्ट माहीतच नसेल आणि ती सांगितल्याने त्यांच्या मनातील मृत माणसाची प्रतिमा डागाळणार असेल, तर पैसे पोहोचवावेत आणि तपशील स्वतःजवळ ठेवावा. एखाद्या स्त्रीचा छळ किंवा बदनामी केली असेल आणि ती आज आपल्या संसारात असेल, तर तिच्या दारी जाण्याचा अधिकार आपल्याला नाही. जेथे जेथे खोटे पसरवले तेथे जाऊन, त्याच माणसांसमोर, ते आपण रचले होते असे सांगावे आणि तिला शोधू नये.

एक प्रकार मात्र वेगळा आहे. देणे दिले, माफीही मिळाली, किंवा मुळात दोष नगण्य होता, आणि तरीही महिनोन्‌महिने झोप नाही, अन्न जात नाही, आपण जगायला लायक नाही असे वाटत राहते. ही पश्चात्तापाची पायरी नसून नैराश्याच्या आजाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी आणखी प्रायश्चित्त सुचवणाऱ्यांपासून माणसाला दूर ठेवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटे सोडू नये, फोन आपणच लावून त्याच्या हातात द्यावा.